गुरुजींचे टाळ

गेल्या माघात आमचे गुरुजी वैकुंठवासी झाले आणि ज्येष्ठात वारीसाठी आळंदीला निघण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी त्यांचे टाळ माझ्या हाती दिले. टाळांची सुती दोरी, बोटांचा वेढा पडे तेवढ्या जागी, काळी आणि गुळगुळीत झाली होती. ती बदलायला माझा हात धजावला नाही.

गुरुजींनी गावच्या शाळेत आम्हाला शिकवले, निवृत्तीनंतर गावाची दिंडी सांभाळली, आणि दोन्हीकडे त्यांची जागा एकच राहिली, ती म्हणजे सर्वांत मागची. दिंडीत पताका, टाळकरी, मृदंग, विणेकरी आणि त्यांच्यामागे डोईवर तुळस घेतलेल्या माउली चालतात. गुरुजी त्यांच्याही मागे, जो सर्वांत थकलेला असेल त्याच्या चालीने चालत. यंदा ती जागा मी घेतली. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात, तिथे माणसाच्या पायांचे काय! आमच्या दिंडीतील एक आजी घाटात दगडावर बसल्या आणि मला पुढे जायला सांगू लागल्या. मी शेजारी बसून टाळ धरला. दुसरा अभंग संपता संपता त्या आपणहून उठल्या. तळावर पोहोचलो तेव्हा समाजआरती, म्हणजे मुक्कामी सर्व दिंड्या जमून होणारी आरती, होऊन गेली होती.

त्या आरतीविषयी गुरुजी नागरिकशास्त्राच्या तासाला सांगत. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की लाखोंचा समाज क्षणात शांत होतो; मात्र ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तिने टाळ वाजवत राहायचे आणि चोपदारांनी तिथे जाऊन ते ऐकून घ्यायचे. एवढ्या मोठ्या समाजात एका दिंडीचेही म्हणणे ऐकले जाते, याचे त्यांना फार मोल वाटे.

पंढरपुरात चंद्रभागेचे स्नान आणि कळसाचे दर्शन झाल्यावर त्यांच्या नेमाप्रमाणे आम्ही तनपुरे महाराजांच्या मठात गेलो. विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी इथेच दहा दिवस उपोषण केले. पहिल्यांदा वारीला आलेल्या प्रत्येकाला आमचे गुरुजी इथे बसवून ती हकीकत सांगत. यंदा नववीतला एक मुलगा नवा होता. मी सांगायला सुरुवात केली, पण अर्ध्यावर मला बोलवेना, तेव्हा उरलेली हकीकत आजींनी सांगितली.