फेरूनमध्ये खेळायचंय? आधी साल ठरवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका-खेळातल्या फरगॉटन रिल्म्स या जगात (फेरून हा त्यातला मुख्य खंड) कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, चालवायचं ठरलं की नवे डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, आधी नकाशा पसरून बसतात. नकाशा नंतर बघा, आधी साल ठरवा. १९८७ पासून हे जग छापलं जातंय आणि तिथलं साल खेळाच्या आवृत्तीगणिक पुढे सरकलंय. २००१च्या पुस्तकात १३७२ डीआर (तिथली कालगणना), २००८मध्ये थेट १४७९. मधे १३८५ला स्पेलप्लेग नावाच्या उत्पाताने जादूची वाट लावली, १४५१ला हॉटनाऊ ज्वालामुखी फुटून नेव्हरविंटर शहर बेचिराख झालं. विकी वाचून आलेल्या एकाच्या डोक्यात तिथला जुना शासक लॉर्ड नॅशर असतो, दुसऱ्याच्या डोक्यात नंतरचा नेव्हरएंबर, आणि अर्धं सेशन हुज्जतीत जातं. सेशन झीरोलाच, म्हणजे खेळाआधीच्या तयारीच्या बैठकीत, सांगून टाका: साल १४९१, पुढचं अजून काही घडलेलं नाही, आणि टेबलावर ठरेल तेच खरं. (एबेरॉन या डी अँड डीच्या दुसऱ्या जगाला ही कटकट नाही. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आवृत्तीतही सुरुवात तिथल्या कालगणनेच्या ९९८ सालीच.)

सगळं पाठ असलेला खेळाडू असेल तर त्याला गप्प करू नका. त्याच्या कॅरॅक्टरला जे माहीत असणं शक्य आहे, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. तुमचं वाचन वाचतं.

मग गाव एकच घ्या. फॅन्डालिन उत्तम. २०१४च्या स्टार्टर सेटमधलं साहस तिथेच घडतं. पण त्यातली पहिलीच चकमक पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, आडवं करते. वाटेत दोन मेलेले घोडे, झुडपात चार गॉब्लिन. २०१४च्या नियमांत प्रत्येकी ५० एक्सपी (अनुभवाचे गुण, यावरून चकमकीची अवघडता मोजतात) म्हणजे २००, चार शत्रू म्हणून दुप्पट, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘डेडली’ या सर्वात अवघड पातळीची हद्द नेमकी तीच. गॉब्लिनचा बाण सरासरी ५ डॅमेज करतो, विझार्डचे (जादूगाराचे) एचपी, म्हणजे जीवनगुण, जेमतेम ७-८. दोन बाण लागले की तो पडला, आणि पार्टी बेसावध सापडली तर हे कुणाची पाळी यायच्या आतच होतं.

गॉब्लिनचे एचपी कमी करायच्या फंदात पडू नका, ७ला ते आधीच एका घावाचे धनी आहेत. संख्या विभागा: दोन आधी, दोन दुसऱ्या राउंडला. बाण वेगवेगळ्या लोकांवर सोडा. तरीही सगळे पडले तर कॅम्पेन गुंडाळू नका. गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून त्यांची सामानाची गाडी लुटून नेतात. शुद्धीवर आल्यावर गॉब्लिनच्या गुहेकडे जायला पार्टीला कुणी सांगावं लागत नाही.