सेनिओचा बांध

उत्तर इटलीतील सेनिओ नदी पाहायला मुद्दाम कोणी जात नाही. बोलोन्याहून रेल्वेने लुगो येथे उतरले की पीच आणि किवीच्या बागांचा सपाट मुलूख सुरू होतो आणि त्या सपाटीवर नजर अडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे नदीचा मातीचा उंच पूरबांध. बांधावर चढून खाली पाहिले तर पात्र आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याएवढेच दिसते. मे २०२३ मध्ये इथल्या अशाच नद्यांनी गावेच्या गावे बुडवली होती, यावर ते पाणी पाहून विश्वास बसत नाही.

माझे आजोबा या बांधापाशी आले तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. साताऱ्याकडची कोरडवाहू जमीन घराला पुरत नव्हती, म्हणून ते बेळगावला जाऊन भरती झाले. पराक्रमाची हौस वगैरे काही नव्हती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने सेनिओचे बांध पोखरून त्यांत मोर्चे बांधले होते आणि आसपासच्या जमिनीत सुरुंग पेरले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी प्रचंड बॉम्बफेकीनंतर आठव्या भारतीय डिव्हिजनने नदी ओलांडली. त्या हल्ल्यात नगर जिल्ह्यातील निमजच्या नामदेव जाधव या शिपायाने दोन जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले, मग एकट्याने शत्रूची मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे नाव आम्ही लहानपणापासून आजोबांच्या तोंडून ऐकले होते; स्वतःबद्दल मात्र ते इटलीतल्या चिखलापलीकडे फारसे बोलत नसत.

त्यांची एक सवय मात्र घरात सर्वांना माहीत होती. नव्याने घातलेल्या किंवा पावसाने ढासळलेल्या बांधावर पाय ठेवण्यापूर्वी ते काठीचे टोक मातीत खुपसून पाहत आणि मुलांना आपल्या मागून, आपल्याच पावलांवर चालायला लावत. सापासाठी असेल, असे आम्ही समजत होतो. वडिलांनी खरे कारण सांगितले ते आजोबा गेल्यानंतर.

लुगोत मी ज्या घरी उतरलो, तेथील वृद्ध मालकिणीची देखभाल करणारी बाई युक्रेनमधील मिकोलायिव्हजवळच्या खेड्यातली होती. इटलीत अशा कामाला असलेल्या युक्रेनी स्त्रिया पुष्कळ भेटतात, त्यामुळे त्यांच्या देशातले युद्ध येथे केवळ टीव्हीवरचे राहत नाही. मी कशासाठी आलो आहे हे कळल्यावर तिने रणांगणाविषयी काहीच विचारले नाही. येथली जमीन पुन्हा केव्हा पेरली गेली, एवढेच विचारले. युद्ध संपल्यावर सुरुंग काढण्याचे काम इटलीत काही वर्षे चालले आणि ते काढणारेही अनेक जण त्यात मेले, इतके मला ठाऊक होते, तेवढे सांगितले. तिच्या भावाचे सूर्यफुलाचे शेत मात्र रशियन सैन्य मागे हटल्यापासून पडीक होते. युक्रेन सरकारने २०२३ मध्ये सुरुंगांचा आणि न फुटलेल्या दारूगोळ्याचा संशय असलेली जमीन १,७४,००० चौरस किलोमीटर सांगितली होती. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक! संशयित जमीन सगळीच सुरुंगांनी भरलेली नसते हे खरे, पण पेरणी अडायला संशय पुरेसा असतो.

तिने फोनवर एक चित्रफीत दाखवली. खार्किव्हकडच्या एका शेतकऱ्याने मोडक्या रणगाड्यांचे पत्रे जोडून, दुरून चालवता येईल असा ट्रॅक्टर तयार केला होता आणि तो रिकाम्या आसनानिशी शेतात सुरुंग शोधत फिरत होता. आजोबा असते तर युद्ध कोण जिंकते आहे हे त्यांनी नंतर विचारले असते. आधी तो ट्रॅक्टर केवढ्याला पडला आणि एका दिवसात किती एकर होते, याची चौकशी केली असती.