माका सूट नको गो

"माका सूट-बीट नको गो बाय. कागद तेवढो गावांदे."

नगरपरिषदेच्या जिन्यात बसलेल्या कोकमवालीचं हे वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

वर सभागृहात एका रिसॉर्टला मालमत्ता करात सवलत द्यावी का, यावर तासभर खल. रोजगार येईल, पर्यटक येतील. येतीलही, मी नाही म्हणत नाही. चहा दोनदा फिरला.

आणि फेरीवाल्यांच्या परवान्यांचे अर्ज? "पुढच्या सभेत घेऊ."

काकींच्या मांडीवर दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली, त्यात पावत्या. सगळ्यात जुन्या पावतीवर कोकमाच्या आगळाचा लालभडक डाग, नेमका शिक्क्यावर. आतला क्लार्क म्हणाला होता, शिक्का वाचता येत नाही.

पथविक्रेता कायदा 2014 चा. त्यात हे परवाने बघणाऱ्या शहर फेरीवाला समितीवर किमान 40 टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनीच निवडून दिलेले हवेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. काकींना विचारलं, कधी मतदान केलंत? त्या हसल्या. "आमदाराक केलंय मा!"

निघताना त्यांनी मला कोकमाची पुडी दिली, पैसे घेईनात.

तुमच्या गावात ही समिती कोणी पाहिलीय का हो?