तुम्ही विचारलंत म्हणून: आधी निस्तार पत्रक वाचा

"मॅडम, जंगल-जमिनीच्या केसेस लढायच्या तर एलएलबीनंतर काय शिकायचं?" नागपुरात माझ्याकडे इंटर्नशिपला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात हे विचारतात. एलएलएम करावं की परदेशी जावं, हे त्यांना खरं विचारायचं असतं. मी म्हणते, आधी निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराची सरकारी नोंद, वाचायला शिका. चेहरे पडतात.

माझाही पडला होता. गडचिरोलीतल्या एका गावाचा सामूहिक वनहक्काचा (जंगलावर अख्ख्या गावाच्या हक्काचा) दावा घेऊन, असे दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीसमोर पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा हातात नियमगिरीचा निकाल होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या त्या बॉक्साइटच्या डोंगराचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. मी परिच्छेदांना रंगीत चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण या गावाचे पुरावे कुठायत?" फाइलमध्ये एकच जुनी पावती होती. नियम सांगतो, एकापेक्षा जास्त पुरावे हवेत. दावा परत आला, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

मग रेकॉर्ड रूमच्या चकरा सुरू झाल्या. आपल्याकडची मालगुजारी-जमीनदारी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला गेली, जंगल सरकारकडे आलं आणि गावाचा वापर कागदावर नोंदवला गेला. गावाने सरपण कुठून आणायचं, गुरं कुठं चारायची, घरासाठी लाकूड-बांबू कुठला घ्यायचा, याची जी नोंद असते ते निस्तार पत्रक. महसूल अधिनियमाच्या १६१व्या कलमात ते आजही आहे. तिसऱ्या खेपेला कागद हाती आला, कडा झडलेला. दुसरा पुरावा गावातच होता. एका आजोबांनी दिवसभर मला शिवेवरून फिरवलं. हा नाला, ही देवाची जागा, इथून पलीकडच्या गावाचं. हे सांगणं लिहून घेतलं की तोही पुरावा. वडीलधाऱ्यांचा जबाब कायद्याला चालतो. लॉ कॉलेजात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (चप्पल घालून जंगलात जायचं नाही, हेही नव्हतं सांगितलं.)

दुसरी गोष्ट, व्याख्या. बांबू हे गवत, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण १९२७च्या वन कायद्यात ते झाड होतं, आणि २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल. झाड म्हटलं की मालकी वनखात्याची, गौण वनोपज म्हटलं की गावाची. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि तो खात्याच्या हातात. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. एका शब्दापायी एवढा खटाटोप. १९२७च्या कायद्यातून बांबू झाडांतून वगळला गेला तो २०१७ साली.

पैशांचं विचारायला मुलं लाजतात, म्हणून मीच सांगते. खाण कंपन्यांच्या बाजूने उभं राहिलात तर बरे मिळतात. मी दोन वर्षं ते काम केलंय, लीजचे करार वाचायला तिथेच शिकले, त्याची मला लाज नाही. आता माझं घर चालतं ते वाटणीचे दावे आणि फेरफारांवर. गावांकडून एसटीचं भाडं आणि झेरॉक्सचा खर्च घेते, तो मात्र आधी.

तेव्हा एलएलएमचा फॉर्म भरायचा तर भरा. पण सोमवारी माझ्याकडे येण्याआधी आपापल्या तहसीलमध्ये जाऊन एका तरी गावाच्या निस्तार पत्रकाची नक्कल मागून बघा. मिळाली तर घेऊन या; नाही मिळाली तर "कागद सापडत नाही" असं लेखी मागा, तेही उपयोगी पडतं.