रंग हिशेबात बसतो, स्वभाव बघावा लागतो
निळं अंडं फोडल्यावर टरफल उलटं करून बघा. आतूनही निळंच दिसेल, कारण बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य टरफल घडत असतानाच त्यात आरपार मुरतं. तपकिरी अंडं आतून पांढरं असतं. त्याचा रंग शेवटच्या टप्प्यात वरून चढतो. नुकतंच घातलेलं गडद अंडं ओलं असताना अंगठ्याने घासलं तर थोडा रंग हाताला लागतोही. कोंबड्यांच्या पैदाशीत मी ज्यांच्या मागे लागले आहे ती ऑलिव्ह, म्हणजे गडद हिरवट, अंडी म्हणजे निळ्या टरफलावर तपकिरी थर. अराउकाना किंवा क्रीम लेगबारसारख्या जातीकडून निळा घ्यायचा, मारान्सकडून गडद तपकिरी.

निळ्याचं जनुक प्रभावी आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच आलं तरी रंग दिसतो, हे आनुवंशिकीचे अभ्यासक पनेट यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. एका जुन्या रेट्रोव्हायरसचा (यजमानाच्या जनुकांत स्वतःला घुसवणाऱ्या विषाणूचा) तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात घुसला आणि त्यातून हा निळा आला, हे २०१३ मध्ये उलगडलं. मला हे वाचून जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

खरी अडचण कोंबड्याची. तो अंडी घालत नाही, त्यामुळे त्याच्यात कुठला रंग दडलाय ते वरून कळत नाही. पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर त्याला सोडायचं आणि त्याच्या तलंगा, म्हणजे तरुण मुली, अंड्यावर यायची वाट बघायची. चांगल्या संख्येने झालेल्या तलंगांपैकी सगळ्यांनी निळी किंवा हिरवट अंडी दिली, एकीनंही पांढरं किंवा नुसतं तपकिरी दिलं नाही, तर निळं जनुक त्याच्यात दुहेरी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेलं, आहे असं धरायला हरकत नाही. पाच-सहा महिने सहज जातात. अराउकानाच्या संकरात वाटाणा-तुऱ्याची (बुटक्या, तीन ओळींच्या तुऱ्याची) थोडी मदत होते, कारण त्या तुऱ्याचं जनुक निळ्याच्या अगदी शेजारी आहे. लेगबारचा तुरा मात्र एकेरी असतो, तिथे ही खूण चालत नाही. पहिल्या पिढीतल्या ऑलिव्हवाल्यांची आपसात जोडी लावली तर साधारण चौथा हिस्सा तलंगा निळं गमावून बसतात आणि तपकिरीच अंडी देतात. रंग हवा तसाच गडद राहावा म्हणून मी तलंगा परत मारान्सकडे नेते. त्यात निम्म्याच ऑलिव्ह निघतात, पण निघतात त्या झकास.

एवढं सगळं हिशेबात बसतं. स्वभावाचं तसं नाही. त्याला एकच जनुक नाही, पण तो पिढीतून उतरतो हे नक्की. स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठात रानकोंबड्यांमधून माणसाला कमी घाबरणारे पक्षी निवडत गेले, तेव्हा थोड्याच पिढ्यांत फरक दिसला.

म्हणून पिल्लं मोठी होताना मी खुराड्यात नुसती बसून राहते. कोंबडा वयात आला की खरं रूप दाखवतो. एक पंख खाली सोडून तिरका तिरका माझ्याकडे येणारा, पाठ वळली की नडगीवर झेप घेणारा कोंबडा मी पैदाशीला ठेवत नाही, मग त्याच्या आईचं अंडं कितीही देखणं असो. कोंबड्यांनाही तो ओरबाडतो. पाठीवरची पिसं गेलेल्या कोंबड्या बघवत नाहीत. मला हवा असतो तो किडा सापडला की स्वतः न खाता चोचीत उचलून टाकणारा, कुक्-कुक् करून कोंबड्यांना बोलावणारा, आणि मी दाणे घेऊन आले की शांतपणे बाजूला होणारा. प्रत्येक पिल्लात निम्मा वारसा त्याचाच असतो, त्यामुळे इथे तडजोड नाही.

कोंबड्यांच्या बाबतीत मी थोडी सैल आहे. शेवंती नावाची एक आहे, तिची अंडी ऑलिव्हपेक्षा फिकट शेवाळी. हंगाम पुढे सरकतो तशी आणखी फिकी होतात, पंख झडून नवे आले की पुन्हा जरा गडद. पण खुडूक बसली असताना पोटाखाली हात घातला तरी ती चोच मारत नाही, फक्त पिसं फुलवते. यंदा उबवायला तिची अंडी सगळ्यात जास्त ठेवली आहेत आणि जोडीला सर्वांत गडद मारान्सचा, स्वभावाने पारखलेला कोंबडा दिलाय.