ल्युसर्न, आईच्या गुडघ्यांच्या वेगानं

कामानिमित्त सहा महिने झुरिचला होते, तेव्हा आई कोल्हापूरहून आली. मार्चच्या शेवटच्या शनिवारी आम्ही दोघी ल्युसर्नला गेलो. ट्रेननं पाऊण-एक तासाचा रस्ता. मी हुशारी करून जायची-यायची दोन्ही सवलतीची तिकिटं आधीच काढली होती. ती ठरावीक गाडीलाच चालतात, गाडी चुकली की पैसे बुडाले. परतीची गाडी दुपारची घेतली होती. 'गाव एवढंसं, तीन तास पुष्कळ!' हा माझा हिशोब. गुडघ्यांचा हिशोब त्यात नव्हताच.

स्टेशनबाहेर एक मोठी दगडी कमान नुसतीच उभी आहे. 1971 च्या आगीत जुनं स्टेशन गेलं, तेवढी कमान राहिली. तिथून चॅपल ब्रिज चालत दोन-तीन मिनिटांवर. चौदाव्या शतकातला, रॉइस नदीवर तिरका गेलेला लाकडी पूल, डोक्यावर छप्पर आणि मध्येच पाण्यात उभा अष्टकोनी बुरूज. या बुरुजात कधी खजिना होता, कधी तुरुंग.

टूरवाले इथे फोटो काढून वीस मिनिटांत बसमध्ये बसतात. आई मात्र मान वर करून एकेक पाऊल टाकत होती. छताखाली तुळयांच्या त्रिकोणात सतराव्या शतकातली चित्रं आहेत. पण मधल्या भागात बरेच त्रिकोण रिकामे, काही फळ्या जळून काळ्याठिक्कर. 18 ऑगस्ट 1993 च्या रात्री पूल पेटला, बहुतेक चित्रं गेली. पूल पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. हात फिरवला की जुनं आणि नवं लाकूड कळतं. "जळकं तसंच ठेवलंय, हे बरं केलं," आई म्हणाली.

मंगळवारी आणि शनिवारी सकाळी नदीकाठी बाजार भरतो. आईनं मुळ्याच्या जुडीचा भाव फ्रँकमधून रुपयांत करून घेतला आणि जुडी गपचूप खाली ठेवली. काठावरच्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पाणी विकत घेऊ नका, चौकातल्या कारंज्यांचं पिण्याजोगं असतं.

थोडं पुढे नदीत लाकडी दांड्यांची रांग दिसली आणि आई उठून उभीच राहिली. "अगं, हे तर आपले बरगे!" हा एकोणिसाव्या शतकातला बंधारा. दांडे हातानं घालून-काढून गावालगतच्या सरोवराची पातळी राखतात. पंचगंगेवरच्या बंधाऱ्यात आडव्या फळ्या, इथे उभे दांडे, एवढाच फरक. आम्ही तिथे अर्धा तास थांबलो. त्या दिवसात आईला सर्वांत जास्त आवडलं ते हेच.

पलीकडचा श्प्रॉयर पूल कमी गर्दीचा. पिठाच्या गिरण्यांचा कोंडा नदीत टाकायची परवानगी फक्त याच पुलावरून होती, म्हणून हे नाव. छताखाली मृत्यूची चित्रं: सांगाडा राजालाही नेतो, नवरीलाही. आईनं दोन पाहिली आणि चालू लागली.

मग माझी चूक. चढ चढून मुझेगच्या तटबंदीपाशी गेलो तर दार बंद! बुरूज एप्रिल ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडे असतात. आम्ही अगदी थोड्या दिवसांनी चुकलो. आई काही बोलली नाही, फक्त गुडघा चोळत बसली. तेवढ्यात वरचं घड्याळ वाजलं आणि मिनिटभरानं खालच्या गावातली घड्याळं. 1535 च्या या घड्याळाला इतरांच्या एक मिनिट आधी वाजायचा मान आहे.

शेवटी सिंह. खडकात कोरलेला, दहा मीटर लांब, बरगडीत मोडका भाला, पुढ्यात तळं. 10 ऑगस्ट 1792 ला पॅरिसमध्ये फ्रेंच राजासाठी मेलेल्या स्विस पहारेकऱ्यांचं हे स्मारक, 1821 चं. खाली मृतांचा आकडा कोरलाय : 760. ते उभारायची कल्पना त्यांच्यातल्याच एका अधिकाऱ्याची. तो तेव्हा रजेवर गावी होता.

"रजेवर होता म्हणून वाचला," आई म्हणाली, आणि बराच वेळ तिथून हलली नाही. मी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

गाडी अर्थातच गेली. बसनं स्टेशनवर आलो, पूर्ण भाड्याची दोन तिकिटं काढली. पुढच्या गाडीला वेळ होता. आईनं डबा उघडला. एक दशमी उरली होती, ती अर्धी-अर्धी केली.