लेव्हल ९९९९ हाच मुळात विनोद आहे

‘डिसगाया’ हा व्हिडिओ गेम खेळलेल्या माणसांशी बोलताना मला नेहमी दोन तक्रारी ऐकू येतात आणि त्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध असतात. काहींच्या मते संवाद आणि पात्रे धमाल आहेत, पण दोन विनोदांच्या मध्ये तासन्‌तास त्याच त्या लढाया लढाव्या लागतात. इतरांच्या मते संवाद बटण दाबून उरकावेत, कारण कथा ही केवळ प्रस्तावना असून खरा खेळ ती संपल्यावर सुरू होतो. मी स्वतः बरीच वर्षे पहिल्या पक्षात होतो. आता मला वाटते की दोन्ही पक्षांनी विनोद कथेच्या खात्यावर आणि आकडेमोड लढायांच्या खात्यावर टाकली आहे, आणि हा हिशेबच चुकलेला आहे. या खेळातील सर्वांत चांगले विनोद त्याच्या नियमांत आहेत.

ज्यांनी तो खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. निप्पॉन इची सॉफ्टवेअर या जपानी कंपनीने जानेवारी २००३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी हा खेळ काढला, आणि पुढे पीएसपी, निन्टेन्डो डीएस, संगणक, स्विच अशा बहुतेक यंत्रांवर तो पुन्हा पुन्हा येत राहिला. पाताळाचा राजपुत्र लाहार्ल दोन वर्षांच्या झोपेतून जागा होतो, तेव्हा त्याची सेविका एटना त्याच्या शवपेटीपाशी शस्त्रांचा ढीग घेऊन उभी असते आणि ‘तुम्हाला उठवत होते’ असे सांगते. वडील वारलेले असतात, गादी मोकळी असते आणि दरबारातले सगळेच तिच्यावर डोळा ठेवून असतात. त्यात फ्लोन नावाची एक भाबडी देवदूत त्याच्या, आधीच वारलेल्या, वडिलांचा वध करायला येते आणि प्रेमाचे महत्त्व समजावत तिथेच राहते.

हा विनोद अनेकांना आवडतो आणि मलाही आवडतो, पण सगळाच नाही. स्वतःचे भारदस्त नाव सांगत ऐटीत प्रवेश करणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याला लाहार्ल ‘मिड-बॉस’, म्हणजे शेवटच्या शत्रूच्या आधी येणारा किरकोळ अडथळा, असे नाव देतो आणि ते नाव त्याला कायमचे चिकटते, हे अजूनही हसवते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एटना पुढील भागाची जी झलक सांगते, तिचा पुढील भागाशी काडीचाही संबंध नसतो, हेही सुरेख आहे. स्त्रियांच्या शरीरयष्टीवरचे विनोद मात्र पहिल्या दोन वेळांतच संपलेले असतात, तरी लेखक ते शेवटपर्यंत उगाळत राहतो. तेवढ्यापुरते संवाद पुढे ढकलणाऱ्यांना मी दोष देत नाही.

आता नियमांकडे येतो. पाताळात एक विधिमंडळ आहे. नव्या प्रकारचा योद्धा हवा असेल, दुकानात चांगला माल यावा असे वाटत असेल किंवा एखादा नवा प्रदेश खुला करायचा असेल, तर तिथे ठराव मांडावा लागतो. ठराव मांडण्यापूर्वी सभासदांना भेटवस्तू देऊन आपलेसे करता येते, म्हणजे सरळ भाषेत लाच देता येते. तरीही ठराव पडला, तर ज्यांनी विरोधात मत दिले त्यांच्याशी सभागृहातच लढून तो मंजूर करून घेण्याची अधिकृत सोय आहे. माझ्या मते या खेळातील सर्वांत धारदार विनोद हा आहे, आणि तो एकाही पात्राच्या तोंडी घातलेला नाही. तो मेनूमधल्या एका पर्यायात आहे. त्याच मंडळात ‘शत्रू अधिक बलवान करावेत’ असाही ठराव मांडता येतो. लवकर अनुभव, म्हणजे शत्रू मारून मिळणारे आणि लेव्हल वाढवणारे गुण, मिळवण्यासाठी मी तो मांडतो, लाच वाटतो, लागल्यास दोन-चार सभासदांना लोळवतो आणि अखेर माझ्याच मृत्यूची शक्यता वाढवून समाधानाने बाहेर पडतो.

लढाईतही तेच. पट चौकोनी घरांचा, पाळीपाळीने खेळायचा, एका वेळी आपली दहा माणसे मैदानात, इथपर्यंत सगळे ओळखीचे आहे. पण इथे कोणालाही उचलून फेकता येते: आपल्या माणसाला, शत्रूला आणि रंगीत घरांवर परिणाम करणाऱ्या जिओ चिन्हांनाही. एकाच्या डोक्यावर दुसरा, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरा असा मनोराही रचता येतो. एका शत्रूला दुसऱ्या शत्रूवर फेकले, तर दोघांचा मिळून एक होतो आणि त्यांच्या लेव्हल्सची, म्हणजे ताकदीच्या पायऱ्यांची, बेरीज होते. अनुभवासाठी हपापलेला खेळाडू आपला कर्दनकाळ स्वतःच्या हाताने, एकावर एक शत्रू फेकून तयार करतो. असा ‘हुशारीने’ रचलेला राक्षस एकाच फटक्यात माझी अर्धी फौज घेऊन गेला, तेव्हा हसावे की बटणांवर राग काढावा हे मला कळले नव्हते.

या सगळ्यात प्रिनींचा उल्लेख टाळता येणार नाही. प्रिनी म्हणजे पेंग्विनच्या आकाराच्या पिशवीत शिवलेले पापी माणसांचे आत्मे. पापे फिटेपर्यंत ते तुटपुंज्या मोबदल्यावर राबतात. मूळ जपानीत ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘स्सु’ म्हणतात आणि इंग्रजी रूपांतरात त्याचे ‘डूड’ झाले. एरवी मूळ भाषेचा कैवार घेणारे खेळाडूसुद्धा या एका शब्दापुरते इंग्रजीच्या बाजूने बोलताना मी ऐकले आहेत. प्रिनीला फेकले की तो स्फोट होऊन मरतो. हा नियम खेळात लवकरच कळतो आणि विसरायलाही तितकाच सोपा आहे.

मी तो विसरलो ती गोष्ट सांगण्याजोगी आहे. इथल्या प्रत्येक वस्तूच्या आत एक जग आहे, अगदी चघळायच्या गमच्या आतही. साध्या वस्तूत तीस मजले, दुर्मीळ वस्तूत साठ आणि अतिदुर्मीळ वस्तूत शंभर. दर दहा मजल्यांनी बाहेर पडण्याची संधी मिळते, आणि त्याआधी निघायचे तर एक खास वस्तू जवळ असावी लागते, जी माझ्याजवळ नव्हती. एका तलवारीच्या सतराव्या मजल्यावर लाल घरांचा एक पट्टा होता, शत्रू त्यावर उभे होते आणि त्यांच्यामागे ‘अभेद्यता’ देणारे चिन्ह होते. लाल घरावर उभ्या असलेल्या कोणालाही काही म्हणजे काही होत नव्हते. उपाय उघड होता: कोणीतरी मागच्या बाजूला पोचायचे, ते चिन्ह उचलायचे आणि माझी माणसे उभी होती त्या निळ्या घरांवर आणून टाकायचे, म्हणजे तीच अभेद्यता माझ्या बाजूला आली असती. त्यासाठी मी तीन जणांची साखळी लावली. पहिल्याने दुसऱ्याला उचलले, फेकले. दुसऱ्याने तिसऱ्याला उचलले, फेकले. तिसरा उतरला तो चिन्हापासून नेमका एक घर अलीकडे आणि त्याची चाल संपलेली होती. ज्याची चाल शिल्लक होती असा एकच गडी उरला होता आणि तो प्रिनी होता. मी घरे मोजली, अंतर बरोबर भरले, प्रिनीला उचलले आणि फेकले. तो चिन्हाशेजारी अचूक उतरला आणि फुटला. अभेद्य शत्रूंना शून्य इजा झाली. एवढ्या कष्टाने पलीकडे पोचवलेला माझा तिसरा गडी मात्र, लाल घरावर नसल्याने, त्या स्फोटात गारद झाला.

हा प्रसंग कोणा लेखकाने लिहिलेला नव्हता. घरे, अंतरे, रंग आणि एक विसरलेला नियम यांतून तो आपोआप घडला, आणि त्याची वेळ कोणत्याही लिहिलेल्या संवादापेक्षा अचूक साधलेली होती. म्हणूनच ‘विनोदांच्या मध्ये लढाया येतात’ ही तक्रार मला आता पटत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक अवघड आहे, कारण ते अर्धे खरे आहे. या प्रकारचे खेळ परंपरेने गंभीर असत. १९९० पासून चालत आलेल्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये मेलेला सैनिक गेला तो गेलाच, आणि १९९७ च्या ‘फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स’मध्ये राजकारण, धर्मसत्ता आणि विश्वासघात यांचे ओझे प्रत्येक प्रकरणावर होते. ‘डिसगाया’त मेलेल्याला रुग्णालयात पैसे भरून उठवता येते. कथा शंभरीच्या आतबाहेरच्या लेव्हलवर संपू शकते आणि मर्यादा आहे ९९९९. तिथे पोचल्यावर खेळ सुचवतो की पुनर्जन्म घेऊन पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करावी, म्हणजे पुढच्या खेपेला पाया अधिक मजबूत होईल. ज्यांना यातच आनंद मिळतो, ते शिस्तीने आणि वहीत आकडे मांडून खेळतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पाताळाच्या सर्वशक्तिमान राजाने नव्याने लेव्हल एकवर येऊन किरकोळ शत्रूंकडून मार खावा, या कल्पनेत जो हसण्याचा भाग आहे, तो संवाद गाळून खेळणाऱ्याच्या हाती लागत नाही. लाहार्लचा गर्व आधी ऐकलेला असावा लागतो.

शिवाय कथा आणि नियम एके ठिकाणी गंभीरपणे भेटतात. आपल्याच माणसांना आपण आपल्या हाताने मारले का, याची मोजणी खेळ गुपचूप ठेवतो, आणि तसे केलेले असेल तर चांगला शेवट हातून जातो. इतका वेळ माणसे फेकण्यावर हसवणारा खेळ ही नोंद मात्र हसत ठेवत नाही. कथा गाळणाऱ्या अनेकांना वाईट शेवट दिसतो आणि त्याचे कारण त्यांना कळत नाही.

पुढच्या भागांबद्दल मतभेद पुष्कळ आहेत. तिसऱ्या भागातील राक्षसांच्या शाळेत तास बुडवणारा विद्यार्थी आदर्श मानला जातो, हे मला पहिल्या दिवशी जितके आवडले तितके दहाव्या दिवशी राहिले नाही. २०११ च्या चौथ्या भागातील व्हॅल्व्हटोरेझ हा रक्त न पिण्याचे वचन पाळणारा आणि सार्डिन माशांचा प्रचार करणारा व्हॅम्पायर मात्र मालिकेतील सर्वोत्तम नायक आहे, यावर बहुतेकांचे एकमत होते. २०१५ च्या पाचव्या भागाची यंत्रणा सर्वांत सफाईदार, पण सूडकथा सपक, हे मतही वारंवार ऐकू येते आणि ते बरोबर आहे.

खरी फूट पडली ती २०२१ च्या सहाव्या भागाने. त्यात लढाया आपोआप लढण्याची सोय आली आणि लेव्हलची मर्यादा ९९९९ वरून ९,९९,९९,९९९ झाली. नोकरी-संसारातून वेळ काढून खेळणाऱ्या काहींना ही सोय वरदान वाटली, आणि त्यांचे मला समजते. पण मी फोन पाहत बसलेलो असताना माझी फौज जिंकत राहिली, आकडे वाढत राहिले आणि मला एकदाही हसू आले नाही. ९९९९ हा आकडा मजेदार होता, कारण तो मिळवण्याचा वेडेपणा आपण स्वतः करत होतो. नऊ कोटींचा आकडा यंत्राने मिळवला, तर तो नुसता आकडा राहतो. सातव्या भागात मर्यादा पुन्हा ९९९९ वर आणली आणि आपोआप लढण्यावर बंधन घातले, तेव्हा निर्मात्यांनाही हे जाणवले असावे असे मी समजतो.

सध्या मी पहिलाच भाग स्विचवर पुन्हा खेळतो आहे आणि एका गमच्या आत सत्ताविसाव्या मजल्यावर आहे. बाहेर पडण्याचे दार उंचावर आहे, वर जाण्यासाठी मनोरा रचावा लागणार आहे आणि माझ्याकडे चाल शिल्लक असलेला एकच गडी आहे. त्याचा आकार पेंग्विनचा आहे.